सत्तावीस लाखांचा जिल्हा आणि एकोणसाठ सेकंद

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार भरली. युरोपातल्या स्लोव्हेनिया या अख्ख्या देशाची लोकसंख्या आज २१ लाखांच्या थोडी वर आहे. आपल्या जिल्ह्यातली सहा लाख माणसं मोजायची राहून गेली असती, तर तो देश आणि हा जिल्हा बरोबरीत आले असते. या एवढ्या देशाने २०२० साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक घेतले. पहिला तादेय पोगाचार, दुसरा प्रिमोझ रोग्लिच. तीन आठवडे, ३,४८४ किलोमीटर, पायरेनीज आणि आल्प्सचे घाट, आणि शेवटी पॅरिसमध्ये व्यासपीठावर सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर एकाच छोट्या देशाची दोन पोरं.

हा लोकसंख्येचा हिशेब मुकुटबनसारख्या गावातून पाहावा, म्हणजे त्याचं खरं वजन कळतं. वणीच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, झरी-जामणी तालुक्यात, माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं हे गाव. आणखी थोडं खाली गेलं की पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. भोवती कापूस, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, आसपास कोलाम आणि गोंड वस्त्या. इथून जगज्जेता सायकलपटू निघेल असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा आधी लोकसंख्येचं, मग रस्त्याचं, मग पैशाचं कारण सांगेल. यातलं लोकसंख्येचं कारण पहिल्याच परिच्छेदात निकालात निघालं आहे. उरलेल्या दोन कारणांकडे नंतर येऊ, कारण ती खरी आहेत.

आधी त्या २०२० च्या शर्यतीचं. शेवटून दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, टाइम ट्रायल होती. बाकीच्या टप्प्यांत दीडशेहून अधिक सायकलपटू घोळक्याने धावतात, एकमेकांच्या मागे राहून वारा चुकवतात, संघातले सोबती म्होरक्याला ओढून नेतात. टाइम ट्रायलमध्ये यातलं काहीच नसतं. ठरावीक अंतराने एकेकाला सोडतात, समोर रिकामा रस्ता आणि वर घड्याळ. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. त्या दिवशीचा रस्ता ३६.२ किलोमीटरचा होता, शेवटी ला प्लांश दे बेल फिय नावाची खडी चढण. सकाळी रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. संध्याकाळी पोगाचार ५९ सेकंदांनी पुढे होता. एका टप्प्यात, तासाभराहूनही कमी वेळात, १ मिनिट ५६ सेकंदांची उलथापालथ झाली. पोगाचारला बाविसावं वर्ष पुरं व्हायला दोन दिवस बाकी होते.

पोगाचारचा एकूण वेळ होता ८७ तास २० मिनिटं ५ सेकंद, म्हणजे ३ लाख १४ हजार ४०५ सेकंद. त्यात ५९ सेकंद म्हणजे ५,३०० मध्ये एक. अंतरात मांडायचं तर ३,४८४ किलोमीटरमधले साडेसहाशे मीटर. आणि हा फरक टूरच्या हिशेबात मोठाच म्हणायचा. १९८९ साली अमेरिकेच्या ग्रेग लमाँडने फ्रान्सच्या लोराँ फिन्योंला ३,२८५ किलोमीटरनंतर ८ सेकंदांनी हरवलं होतं. तिथेही शेवटच्या दिवशी टाइम ट्रायलच होती, २४.५ किलोमीटरची. त्याच हिशेबाने ते ८ सेकंद म्हणजे जवळपास ८३ मीटर. साडेसत्त्याऐंशी तास पायडल मारून निकाल लागला तो एका लहानशा वावराच्या लांबीवर.

छोट्या देशांचा हा हिशेब स्लोव्हेनियापाशी थांबत नाही. दहा लाखांहून कमी वस्तीच्या युरोपीय देशांनी १९८५ साली सान मरिनोमध्ये स्वतःच्या वेगळ्या क्रीडास्पर्धा सुरू केल्या. दर दोन वर्षांनी त्या भरतात आणि आज त्यात नऊ देश आहेत: अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लिश्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, माल्टा, मोनाको, माँटेनेग्रो आणि सान मरिनो. या नऊही देशांची माणसं एकत्र केली तर तेहेतीस-चौतीस लाख होतात. आमचा एक जिल्हा पंधरा वर्षांपूर्वीच पावणेअठ्ठावीस लाखांवर होता. क्षेत्रफळ पाहा. यवतमाळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६, म्हणजे सरासरी तालुका साडेआठशे चौरस किलोमीटरचा. मोनाको २, सान मरिनो ६१, लिश्टेनश्टाइन १६०, माल्टा ३१६. चारही देश मिळून ५३९. चार सार्वभौम देश, त्यांचे चार झेंडे, चार ऑलिंपिक समित्या आणि चार राष्ट्रीय संघ आपल्या एका सरासरी तालुक्यात मावतील आणि वर तीनशे चौरस किलोमीटर रान शिल्लक राहील. माँटेनेग्रो तेवढा यवतमाळच्या तोडीचा आहे, पण तिथे माणसं सव्वासहा लाखांच्या आसपास.

यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट लक्झेंबर्गची. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे यवतमाळचा पाचवा हिस्साही नाही. वस्ती आज पावणेसात लाखांच्या आसपास. या देशाच्या नावावर टूर द फ्रान्सची पाच अजिंक्यपदं आहेत: १९०९ मध्ये फ्रांस्वा फाबेर, १९२७ आणि १९२८ मध्ये निकोला फ्रान्त्स, १९५८ मध्ये शार्ली गॉल आणि २०१० चं, आधीचा विजेता बाद ठरल्यावर मिळालेलं, अँडी श्लेकचं. गॉल मूळचा घाटाचा राजा. पण १९५८ च्या टूरमधल्या त्याच्या चार टप्पा-विजयांपैकी तीन टाइम ट्रायलमधले होते, आणि त्यातल्या एकात त्याने ज्याला मागे टाकलं तो झाक आंकतिल त्या काळचा टाइम ट्रायलचा बादशहा होता. आता हेच प्रमाण महाराष्ट्राला लावून पाहा. २०११ ची राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. लक्झेंबर्गइतक्या डोक्यांमागे पाच विजेतेपदं धरली, तर महाराष्ट्राच्या वाट्याला सव्वाआठशेहून जास्त येतात. टूर आजवर झालीच आहे ११२ वेळा. लोकसंख्येवरून विजेते मोजायचा प्रयत्न इथे मोडून पडतो, आणि तो मोडलेलाच बरा, कारण ‘आपण एवढे असून एकही नाही’ हे रडगाणं त्याच हिशेबातून जन्मतं.

रोग्लिच कुठला, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्याचा जन्म त्रबोव्ल्ये गावचा, वाढला जवळच्या किसोवेत्समध्ये. हा भाग स्लोव्हेनियाचा कोळसापट्टा. पिढ्यानपिढ्या तिथल्या माणसांनी खाणीत काम केलं. त्रबोव्ल्येत सिमेंटचा जुना कारखाना होता आणि औष्णिक वीजकेंद्राची ३६० मीटर उंचीची चिमणी आजही उभी आहे, युरोपातली सर्वात उंच. कोळसा, सिमेंट, धूळ, अरुंद दरीतला रस्ता. वणी-मुकुटबन पट्ट्यातल्या माणसाला या वर्णनातलं अनोळखी काय वाटेल? तिथला हा पोरगा आधी स्की-जंपिंग करायचा, २००७ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक विजेत्या संघात होता, आणि विशी ओलांडल्यावर सायकलकडे वळला. पुढे त्याने चार वेळा स्पेनची व्हुएल्टा जिंकली. २०२३ ची इटलीची जिरो दि’इतालिया १४ सेकंदांनी जिंकली, तीही शेवटून दुसऱ्या दिवशीच्या डोंगरी टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे २०२० साली जिथे सगळं गमावलं अगदी तशाच जागी. त्याआधी २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी ४४.२ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचं सुवर्ण. वेळ ५५ मिनिटं ४ सेकंद, दुसऱ्यापेक्षा मिनिटाहून अधिक पुढे.

५५ मिनिटांत ४४ किलोमीटर, तेही चढउताराच्या रस्त्यावर. हा वेग शरीराकडून काय मागतो, ते समजून घेण्यासारखं आहे.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा. वेग दुप्पट केला की हवेला ढकलायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. तिप्पट केला तर सत्तावीसपट. दांडीच्या साध्या काळ्या सायकलवर ताठ बसून ताशी १६ किलोमीटरने निघालेला माणूस हवेवर साधारण ३० वॅट खर्च करतो. त्याच बैठकीत ताशी ३२ गाठायचे तर २४० वॅट. आता ८ ऑक्टोबर २०२२ ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या लाकडी ट्रॅकवर इटलीच्या फिलिप्पो गान्नाने केलेला तासाचा विक्रम घ्या: एका तासात ५६.७९२ किलोमीटर. काळ्या सायकलवर ताठ बसून हा वेग गाठायचा झाला तर साडेतेराशे वॅट लागतील. शेतातल्या विहिरीवरची दोन एचपीची मोटर जेमतेम दीड हजार वॅटची असते. इतकी ताकद तासभर देणारा माणूस जन्माला आलेला नाही. गान्नाने काय केलं? कोपर जवळ आणून, मान खाली घालून, पाठ सपाट करून, गुळगुळीत कपडे आणि लांबट हेल्मेट घालून हवेला लागणारं स्वतःचं अंग तिसऱ्या हिश्शावर आणलं. गरज उतरली साडेचारशे वॅटच्या आसपास. तेवढी ताकद सलग ६० मिनिटं देणं हेही जगातल्या मोजक्याच शरीरांना जमतं, पण ते माणसाच्या आवाक्यातलं आहे. पुढे ६५ दात्यांचं चाक, मागे १४ दात्यांचं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ पावणेदहा मीटर पुढे जाते. साधी सायकल तेवढ्याच फेऱ्यात पाच मीटरच्या आसपास जाते.

याच तासाच्या विक्रमाची सुरुवात १८९३ मध्ये टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याने ३५.३२५ किलोमीटरने केली होती. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत बेल्जियमच्या एडी मेर्क्सने तो ४९.४३१ वर नेला. पायडल मारणारे पाय तेच राहिले आणि जवळपास १३० वर्षांत एका तासात साडेएकवीस किलोमीटरची भर पडली. त्यातला फार मोठा वाटा हवेपुढे अंग लपवण्याच्या कलेचा आहे.

आता हीच हवा मुकुटबनची धरू. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला टेकतो. एवढ्या तापलेल्या हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के कमी भरते. नुसतं भौतिकशास्त्र पाहिलं तर तेवढ्याच ताकदीत मेच्या दुपारी इथे सायकल चार टक्के वेगाने धावेल, म्हणजे गान्नाचे ५६.८ किलोमीटर ५९ च्या घरात जातील. पण शरीर यंत्र म्हणून फार उधळं आहे. खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेतला पाव हिस्सा कसाबसा पायडलपर्यंत पोचतो, बाकी सगळी उष्णता. साडेचारशे वॅट पायडलला देणारं शरीर आतून तेरा-चौदाशे वॅट उष्णता तयार करतं. भोवतीची हवा अंगापेक्षा गरम असली की ती बाहेर टाकायला घामाशिवाय वाट उरत नाही, आणि त्यासाठी तासाला दोन लिटर घाम नुसता निथळून चालत नाही, पूर्ण वाळावा लागतो. म्हणून इथली कुठलीही शर्यत पहाटेचीच हवी. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे शास्त्राविना ठाऊक आहे.

आणि विदर्भाने या खेळात काही केलं नाही, असं म्हणणं साफ खोटं ठरेल. टाइम ट्रायलचा जगातला सर्वात अक्राळविक्राळ अवतार म्हणजे अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’. २०१७ साली तिची वाट होती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,९०० किलोमीटर, बारा राज्यं. टप्पे नाहीत. पहिलं पायडल मारल्यावर चालू झालेलं घड्याळ शेवटपर्यंत थांबत नाही, स्पर्धक झोपला तरी नाही. एकेकाला अंतराने सोडतात, दुसऱ्याच्या आडोशाने वारा चुकवायला मनाई. म्हणजे नियमाने ही टाइम ट्रायलच. फक्त ३६ किलोमीटरच्या जागी ४,९००. एकट्याने धावणाऱ्या पुरुषाला मुदत १२ दिवसांची, म्हणजे २८८ तास.

२०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ या शर्यतीत पहिल्यांदाच उतरले आणि ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोचले. त्याच वर्षी नाशिकशी जोडलेले लष्करातले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले होते. ही शर्यत एकट्याने पुरी करणारे हे पहिले दोन भारतीय, आणि दोघे एकाच शर्यतीत, अडीच तासांच्या आत. समर्थांच्या हातात मुदतीतले २ तास ४९ मिनिटं उरले होते, २८८ तासांतला एक टक्काही नाही. म्हणजे बारा दिवसांत रोज फक्त पंधरा मिनिटं जास्त झोप लागली असती, एखादं टायर जरा जास्त वेळा पंक्चर झालं असतं, तर हाती काही आलं नसतं.

ही कामगिरी आपल्या रस्त्यावर मांडून बघू. मुकुटबन ते वणी ३० किलोमीटर धरले, तर ४,९०० किलोमीटर म्हणजे या रस्त्याच्या १६३ फेऱ्या. बारा दिवसांच्या आत. रोज पावणेचौदा फेऱ्या, म्हणजे दिवसाला ४१२ किलोमीटर, आणि झोप, जेवण, कपडे बदलणं, सगळं धरून सरासरी ताशी १७ किलोमीटर. बरं, मुकुटबन-वणी रस्ता बराचसा सपाट आहे. अमेरिकेच्या त्या वाटेवर एकूण चढण भरते ५३ हजार मीटर. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टचं टोक सहा वेळा. आपल्या कळसूबाईच्या उंचीने मोजलं तर बत्तीस वेळा. वाटेत कॅलिफोर्नियाचं वाळवंट, कोलोराडोतला ३,३०० मीटर उंचीचा वुल्फ क्रीक घाट, मग कॅन्ससचं दिवसचे दिवस न संपणारं सपाट रान आणि अगदी शेवटी, पाय संपल्यावर, अ‍ॅपलेशियनचे खडे चढ. दिवसाला आठ ते दहा हजार कॅलरी जळतात. ज्वारीच्या अडीच किलो पिठात साधारण तेवढी ऊर्जा असते. तेवढं पोटात उतरवून, पचवून, पायडल मारत राहायचं, आणि चोवीस तासांत झोप दोन-तीन तासांची.

समर्थ इथे थांबले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,१०० किलोमीटरची, १५ टप्प्यांची ट्रान्स-सैबेरियन शर्यत पुरी केली. मुकुटबनपासून हा माणूस दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर राहतो. त्यांच्याही आधी, २०१५ साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात अमेरिका ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पार केली. त्यांच्या संघाचं नाव ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ होतं. आदिवासींच्या डोळ्यांच्या आरोग्यासाठीचं काम त्यामागे होतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी घालून आली.

छोट्या देशाचा धागा इथेही सुटत नाही. रेस अक्रॉस अमेरिका पाच वेळा जिंकणारा यूरे रोबिच स्लोव्हेनियाचाच, त्यांच्या सैन्यातला शिपाई. २००४ ते २०१० या काळात त्याने ही पाच विजेतेपदं घेतली. झोपेविना त्याला भास व्हायचे, कोणी पाठलाग करतंय असं वाटायचं, आणि त्याचे सोबती त्याला त्याच भीतीच्या जोरावर पुढे काढायचे. २०१० चं पाचवं विजेतेपद घेतल्यावर तीनेक महिन्यांत सराव करताना मोटारीच्या धडकेत तो गेला, वय ४५. त्याच्यानंतर ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तोफ श्ट्रासरने ही शर्यत सहा वेळा जिंकली. २०१४ मध्ये ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत, झोपेसह ताशी २६ किलोमीटरच्या वर. याच श्ट्रासरने २०२१ मध्ये एका दिवसात, २४ तासांत, रस्त्यावर १,०२६ किलोमीटर कापले. मुकुटबन-वणी चौतीस वेळा, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे अगदीच नवं नाही. गावात कोणीतरी सायकलवाला यायचा, शाळेच्या नाहीतर बाजाराच्या मैदानात खांब रोवून दिवे टांगायचा आणि सात दिवस सायकलवरून खाली न उतरता गोल गोल फिरायचा. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळही सायकलवर. लोक पैसे टाकायचे. त्या माणसांनी किती किलोमीटर कापले याची नोंद कोणी ठेवली नाही. मला याचंच फार वाईट वाटतं. माणूस होता, दम होता, बघणारे होते, फक्त टेपने अंतर मोजणारा आणि वहीत लिहिणारा नव्हता.

तरी राज्यात मोजमापाच्या शर्यती आहेत. मुंबई–पुणे शर्यत १९४५ पासूनची, आणि बोरघाटात सर्वात आधी वर येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायची तिथली रीत. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वेळापत्रकातली, पाच दिवस आणि ४३७ किलोमीटरची, आणि तिची सुरुवातही घड्याळाशी धावण्याच्या छोट्या टप्प्याने. पण हे सगळं सह्याद्रीच्या अंगाला. पैनगंगेच्या काठावर यातलं काही पोचत नाही.

आता पैशाचं कारण. टाइम ट्रायलची वरच्या दर्जाची सायकल दहा लाखांच्या पुढे जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दहा लाख म्हणजे १२३ क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात पाच-सहा क्विंटल निघाला तर वीस एकरांहून अधिक वावराचं वर्षाचं सगळं उत्पन्न, खर्च वजा न करता. हे कारण खरं आहे आणि त्याला भावनिक उत्तर नाही. पण या खेळात पहिल्या दिवशी दहा लाखांची सायकल कोणाकडेच नसते. पहिल्या दिवशी हवी असते कुठलीही चालू सायकल आणि घड्याळ.

सायकली तर आहेत. मानव विकास कार्यक्रमातून यवतमाळसारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पूर्ण पाच किलोमीटरवरची मुलगी रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर चालवते. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरले तर दोन हजार, आठवी ते बारावी दहा हजार किलोमीटर. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा पार करून वर दोनशे किलोमीटर उरतात. दप्तर पाठीवर, समोरून वारा, कधी मागे धाकटी बहीण. इतका पाया युरोपातल्या किती शाळकरी मुलींचा असेल? फक्त त्यांचा एकही किलोमीटर कोणी वेळ लावून मोजलेला नाही.

रस्त्याचं कारण याहून अवघड. मुकुटबनच्या नव्या सिमेंट कारखान्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन. त्यातलं बरंचसं रेल्वेने जातं, पण समजा सगळं तीस टनी ट्रकने निघालं, तर रोज ३५६ ट्रक, दर चार मिनिटांना एक. शिवाय वणीकडचा कोळसा वेगळा. अशा रस्त्यावर दर मिनिटाला एक पोर एकटं सोडायचं तर ट्रक थांबवावेच लागतील. रोबिचसारखा अनुभवी माणूस मोटारीखाली गेला, हे विसरून चालणार नाही. मुलं सोडायची ती रस्ता पूर्ण बंद करूनच. महिन्यातून एक रविवार, पहाटे सहा ते आठ. दोन तास, पोलिस आणि होमगार्डच्या बंदोबस्तात, वीस किलोमीटर. पहिली स्पर्धक सहाला निघेल, साठावी सहा एकोणसाठला. ताशी २५ ने चालवणाऱ्याला वीस किलोमीटरला ४८ मिनिटं लागतात, म्हणजे शेवटचीही आठच्या आत पोचते आणि कारखान्याचं काम दोन तासांनीच अडतं.

हेच प्रत्येक तालुक्यात केलं तर सोळा तालुके, साठ स्पर्धक, बारा महिने. वर्षाला ११,५२० नोंदी. साध्या दांडीच्या नाहीतर शाळेकडून मिळालेल्या सायकलवर वीस किलोमीटर ४० मिनिटांच्या आत, म्हणजे ताशी ३० च्या वर, कोणी आलं, तर त्या शरीराने सलग चाळीस मिनिटं अडीचशे वॅटहून जास्त ताकद दिली आहे, आणि तेही सराव नसताना. अशी एक जरी नोंद वहीत सापडली, तर त्या मुलीला किंवा मुलाला त्याच महिन्यात नागपूरला नेऊन जाणत्या माणसासमोर उभं करायला हवं आणि हातात खरी रेसिंग सायकल द्यायला हवी. तिचे पैसे कोण देणार, हे जिल्हा परिषद, कारखाना आणि गाव यांनी पहिल्या शर्यतीच्या आधीच ठरवून ठेवावं.